ज्याचा चेहरा, त्याची पहिली प्रत

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील मोर्चांची पत्रकं छापून आणायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. परंड्यात आमचा फोटो क्लब सुरू झाला तेव्हा त्याचा एकमेव नियम मीच लिहिला, तोही पत्रकाच्या थाटात: 'ज्याचा चेहरा, त्याची पहिली प्रत.' फोटो आधी त्या माणसाच्या हातात द्यायचा, मगच भिंतीवर.

तेव्हा आम्ही चौघं होतो आणि कॅमेरा एकच, स्टुडिओवाल्या काकांचा. लग्नाची तिथी नसलेल्या रविवारी ते तो घेऊन किल्ल्यात यायचे. पुढच्या रविवारी आम्ही बाजारात प्रती वाटत फिरायचो. भज्यांचा गाडेवाला स्वतःचा फोटो बघून म्हणाला, "एवढं मोठं नाक हाय व्हय माझं?" आणि लगेच तो गाड्यावर चिकटवला.

मग मोबाइलचे कॅमेरे सुधारले आणि क्लब फुगला. शेजारच्या वाशी, भूम तालुक्यांतून पोरं आली. टी-शर्ट आले, बोधचिन्ह आलं, अध्यक्ष आले, अध्यक्षांचे वाढदिवस आले. फ्लेक्ससाठी फोटो काढणं हेच मुख्य काम झालं. बैठकीत मी नियमाचा विषय काढला की अध्यक्ष म्हणायचे, "ताई, पत्रकाशिवाय तुम्हाला बोलताच येत नाही का? लिंक पाठवतो की लोकांना." सगळे हसायचे. साध्या फोनवाल्यांना लिंक!

गेल्या हिवाळ्यात प्रदर्शन ठरलं, सोबत स्पर्धाही. मी सोनारीच्या वाटेवर मेंढरं राखणाऱ्या एका आजींचा फोटो दिला. काळा-पांढरा, नुसता चेहरा. "प्रत आणून देते," असं त्यांना सांगून आले होते. अध्यक्ष म्हणाले, प्रती प्रदर्शन झाल्यावर बघू. मी तासभर भांडले, ठरावावर सही केली नाही, पाय आपटत घरी आले. पण स्वतः एक प्रत काढून सोनारीला नेली असती तर मला कुणी अडवलं नसतं. भांडायला मला वेळ होता. तेवढ्या कामाला नव्हता.

प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. त्यांच्या सत्काराचे झेंडूचे हार उरले. वाया कशाला घालवायचे म्हणून पोरांनी ते भिंतीवरच्या फोटोंना घातले. मी दारात माहितीपत्रकं वाटत होते. आत आले तर आजी सुनेसोबत आपल्या फोटोसमोर उभ्या. बाजाराला आल्या होत्या, फोटो लागल्याचं कुणीतरी सांगितलं होतं.

"काय गं पोरी," त्या मला म्हणाल्या, "म्या कवा मेले? मला कुणी सांगितलं न्हाय."

सून भडकली. "आधी हार काढा त्यो!"

"मावशी, सत्कार आहे हा तुमचा," अध्यक्ष म्हणाले.

"सत्काराचा हार गळ्यात घालतेत, बाबा. फोटोला तेराव्याला घालतेत." मग माझ्याकडं वळून, "माझा फोटू दे. तू देते म्हणालतीस."

"तो स्पर्धेत आहे. उद्या निकाल लागल्यावर," अध्यक्ष म्हणाले.

मी फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि आजींच्या हातात दिली. त्यांनी ती पदराखाली घेतली. हारही घेतला. "ह्यो शेरडाला घालते. त्ये तरी खाईल."

त्या फाटकाबाहेर पडेपर्यंत मला क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलेलं होतं.

मी परत आत गेले. बाकीच्या प्रती तरी पोचवू म्हणून स्टुडिओवाल्या काकांसोबत एकेक फ्रेम उलटी करून नावं बघू लागले. प्रत्येक फ्रेममागं फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, मोबाइल नंबरसह. ज्याचा चेहरा होता त्याचं नाव एकाही फ्रेमवर नव्हतं. आजींच्या फोटोमागंही मी फक्त माझंच लिहिलं होतं.