झूराकान एजेने घातलेली वाट

झूराकान एजे – आमच्याकडे थोरल्या बाईला एजे म्हणतात – फरशी पुसत असली की तिच्याशी बोलायचं नाही, हे मला आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात कामाला लागले त्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. बोललं तरी ती ऐकायची नाही. मधला पॅसेज चांगला लांबलचक. एका टोकाला सरोवराकडे तोंड केलेली काचेची खोली, दुसऱ्या टोकाला चिखलस्नानाचा विभाग, आणि मधली सगळी मोझॅक फरशी एजेची. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग मेण, आणि शेवटी गुडघ्यांवर बसून लोकरीच्या बोळ्याने घासणं. सकाळी काचेतून उजेड आत आला की फरशीवरून वाहत थेट चिखलस्नानाच्या दारापर्यंत जायचा. अख्खं इसिक-कुल सरोवरच आत शिरलंय असं वाटायचं.

उन्हाळ्यात गुडघेदुखीचे पाहुणे भिंतीला धरून चालायचे. "एजे, इथे चालायचं की पोहायचं?" असं कोणीतरी विचारायचंच. ती हसायची. तिला ती तारीफ वाटायची.

तिचा नवरा कालमात शिकारी. वरच्या गावात त्यांचं घर होतं. त्याच्याकडे अक्तोश नावाचा तायगान होता, डोंगरातला शिकारी कुत्रा. उंच, सडपातळ, कानांवर लांब केस, टोकाशी गोल वळलेली शेपूट, छातीवर पांढरा डाग. कालमातच्या शिळेसरशी कोल्ह्याच्या मागे तो कड्यावरून असा उतरायचा की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. कालमात गावातल्या इतर कुत्र्यांना कुत्री म्हणायचा. अक्तोशला म्हटलेलं त्याला खपत नसे. एजेचं आणि अक्तोशचं मात्र फारसं नव्हतं. ती भांडं ठेवायची, तो खायचा, दोघंही एकमेकांकडे न बघता.

"सवतच आहे ती माझी," एजे म्हणायची. "खरी सवत असती तर निदान भांडी तरी घासली असती."

जर्दाळूची पानं पिवळी पडली तेव्हा कालमात गेला. झोपेतच. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर एजेने घराला कुलूप लावलं आणि ती आरोग्यधामातच राहायला आली. हिवाळ्यात तिथे पाहुणे नसतात. एक ती, आणि बॉयलर सांभाळणारे मुकाश आके, म्हणजे मुकाशदादा. मी फाटकाशेजारीच राहते, म्हणून रोज जाऊन तिघांपुरतं रांधायची. अक्तोशही तिच्यामागून खाली आला होता. कोणी बोलावलं नव्हतं. बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून तो झोपायचा. म्हातारा झाला होता; मागचे पाय बारीक झाले होते, कंबर एका बाजूला कलली होती.

पहिल्या बर्फाच्या सकाळी तो उठलाच नाही. जिवंत होता, पण पाय गोठले होते. एजे आणि मुकाश आकेंनी त्याला पोत्यावर घालून उचललं.

"एजे, घरात कुत्रा घेतेस? कुत्रा असेल त्या घरात फरिश्ते यायचे नाहीत हं," आके म्हणाले.

"इतकी वर्षं आले नाहीत ते आता कशाला येतायत? तुम्ही पाय धरा."

चिखलस्नानाच्या बाजूला, पॅसेजवर उघडणाऱ्या तिच्या खोलीत लाकडाची जमीन होती. चुलीपाशी तो दोन रात्री पडून राहिला आणि मग उठला. दुपारची वेळ होती. एजे पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला, काचेच्या खोलीपाशी, फडकं मारत होती. काचेच्या खोलीत ऊन भरलं होतं, आणि त्या उन्हाच्या ओढीने अक्तोश उंबरा ओलांडून बाहेर आला. नखांचा टकटक आवाज आला म्हणून एजेने मान वर केली. तो तिच्याकडेच येत होता. निम्म्यात आला आणि त्याचे मागचे पाय दोन बाजूंना निघून गेले.

उठायचा प्रयत्न केला तर पुढचेही सरकले. पुन्हा केला, पुन्हा तेच. मग त्याने प्रयत्नच सोडला. हनुवटी फरशीवर टेकून खालच्या चकाकीत दिसणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याकडे बघत बसला.

"मी हाक मारली," एजेने मला नंतर सांगितलं. "शेपूट हलवली गं त्याने. पण तोंड फिरवलं. लाज वाटली त्याला. कड्यावरून उतरणारा जीव तो."

त्यानंतर तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. दुपारभर दारात उभा राहायचा, पलीकडचं ऊन बघत. ऊन सरकून गेलं की वळून आत जायचा.

मुकाश आकेंनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे त्याला बूट करून दिले. अक्तोश कोंबड्यासारखा एकेक पाय उंच उचलून दोन पावलं चालला, मग खाली बसून त्याने सगळे बूट चावून टाकले. एजेने गोधड्यांच्या पट्ट्या अंथरल्या. त्यावर त्याने पाय ठेवला आणि गोधडीसकट तो भिंतीवर जाऊन आदळला. एजेला आधी हसू फुटलं. मग ती तिथेच बसून रडली, नवरा गेल्यावर पहिल्यांदा. मी चहाचा वाडगा तिच्याजवळ ठेवून निघून आले.

गावातला गुराढोरांचा डॉक्टर मुकाश आकेंच्या गाईसाठी आला होता, त्याला एजेने ओढूनच आणलं. त्याने अक्तोशचा पंजा उलटा करून दाखवला. "हे बघ, बोटांमध्ये केस किती वाढलेत. मोजे घालून बर्फावर उभा असल्यासारखा आहे तो. आणि नखं बघ. पंजा टेकतच नाही जमिनीला, नखांवर तोल सांभाळतोय बिचारा."

त्या दिवशी एजेने पहिल्यांदा त्याचा पाय हातात घेतला. मी दिवा धरला होता. छोट्या कात्रीने ती पंजाच्या गाद्यांमधले केस कापत होती, नखं थोडी थोडी छाटत होती, आणि तो डोळे मिटून पडला होता. एका पंजाच्या केसांत डोंगरातलं वाळकं कुसळ अडकलेलं निघालं. एजेने ते दोन बोटांत धरलं आणि दिव्यापाशी नेलं.

"वरच्या कुरणातलं आहे," ती म्हणाली. "कालमात आणि हा, दोघं शेवटचे गेले होते तिथलं."

लाकडी जमिनीवर तो आता घट्ट उभा राहू लागला. पण मेण लावलेल्या मोझॅकचं काय? तिथे पायाला धरायला काहीतरी हवं होतं. मुकाश आकेंनी आपल्या मेंढ्यांची लोकर दिली आणि आम्ही नमदा, म्हणजे लोकर दाबून होणारं जाड अंथरूण, करायला घेतला.

जेवणाच्या रिकाम्या दालनात टेबलं भिंतीला लावली. गावातल्या बायका आल्या. बोरूच्या चटईवर लोकर पसरली, मी किटल्या भरभरून कढत पाणी ओतलं, आणि चटई गुंडाळून सगळ्या तिच्यावर ओणवल्या. कोपरांनी दाबायचं, लोळवायचं, पुन्हा दाबायचं. वाफेत कोणाचं तोंड कोणाला धड दिसत नव्हतं. ओल्या लोकरीचा वास, बायकांचं हसणं, खिडकीबाहेर सरोवरावरून उठणारं धुकं. आत वाफ, बाहेर वाफ. आपण कुठल्या काळात आहोत तेच कळेनासं झालं होतं. माझ्या आईची आईही अशीच ओणवली असणार.

"एवढा लांब नमदा जावयाला तरी केला होतास का गं?" कोणीतरी वाफेतून विचारलं.

"जावई मॉस्कोत आहे. वर्षात एकदा फोन करतो, तोही चुकून लागल्यासारखा," एजे म्हणाली. "हा निदान मला बघून शेपूट हलवतो."

नमदा वाळला. नुसता टाकून भागणार नव्हतं, गोधडीची गत झाली असती. चिखलस्नानाच्या खोल्यांतली जुनी रबरी जाळी टाकून दिलेली होती, ती आकेंनी नमद्याच्या पोटाशी शिवली. तरी रेटून बघितलं तर सरकतच होता. आके खाली बसले, फरशीवर नख ओढलं, आणि नखात जमलेलं पिवळं मेण एजेला दाखवलं.

"यावर काही टिकायचं नाही, एजे. हे काढावं लागेल."

ती फडकं उचलून खोलीत गेली. जेवायलाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर पॅसेजमधून घासण्याचा आवाज येत होता. सोडा, कढत पाणी आणि तारेचा ब्रश. एजे गुडघ्यांवर बसून भिंतीलगतचा पट्टा घासत होती. कित्येक वर्षांचे थर होते ते, तिनेच चढवलेले. मी पाणी देत राहिले. संध्याकाळ होता होता त्या झगझगीत फरशीतून एक निस्तेज, राखाडी पट्टा उमटला, गवतातून गेलेल्या पायवाटेसारखा. एजे भिंतीला टेकून बसली. हात लाल झाले होते.

"कालमात इथे कधी आत यायचा नाही," ती म्हणाली. "दारातूनच हाक मारायचा. मला वाटायचं, बूट मळके म्हणून संकोचतो. एकदा विचारलं तर म्हणाला, तुझ्या जमिनीची भीती वाटते गं मला, पडेन मी. मी काय केलं, हसले."

मी तिच्या हातांना लोणी चोळून दिलं.

नमदा घातला त्या दुपारी तिने अक्तोशला हाक मारली नाही. मलाही मारू दिली नाही. काचेच्या खोलीत जाऊन, त्याच्याकडे पाठ करून, चहा पीत बसली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तो उंबऱ्यात उभा होता. एक पंजा नमद्यावर ठेवला आणि मागे घेतला. नाक लावून वास घेतला. मेंढ्यांचा वास त्याला ओळखीचा होता. मग पुन्हा पंजा ठेवला आणि तिथेच दाबून वाट बघितली. जमीन पळाली नाही. हळूहळू, कंबर झोकत, तो निघाला. नखांचा आवाज नाही, काही नाही. धुक्यातून कोणी यावं तसा तो आला. काचेच्या खोलीची एक पायरी होती, तिथे अडला. तेव्हा एजे उठली, त्याच्या पोटाखालून टॉवेल घातला आणि अलगद वर घेतलं. तो उन्हात आडवा झाला. एजेने वाडग्यात पुन्हा चहा ओतला.

मग तो सगळा हिवाळा तसाच गेला, एकाच लांब दुपारसारखा. काचेच्या खोलीत ती खुर्चीत, तो खाली. समोर सरोवर, न गोठणारं, वाफाळणारं, आणि त्याच्या पलीकडे धुक्यात कुठेच न टेकलेले डोंगर. अक्तोश झोपेत धावायचा. पाय हलायचे, ओठ थरथरायचे. "गेला वर," एजे पुटपुटायची आणि तिचेही डोळे मिटायचे. मी कधी बोर्सोक, कणकेचे छोटे तुकडे, तळून घेऊन जायची, तर दोघंही कुठल्या कुठे गेलेली असत.

एकदा ती दचकून जागी झाली. "शीळ ऐकलीस?"

"पाइपातली वाफ असेल, एजे."

"असेल," ती म्हणाली. "पण याने कान टवकारले."

मी अक्तोशकडे बघितलं. कान खरंच उभे होते.

वसंतात आमचे व्यवस्थापक दूतबेक आले. पॅसेजच्या तोंडाशीच थबकले.

"एजे, हे काय? फरशीला खरूज झाली की काय? आणि हा कुत्रा?"

"तायगान आहे."

"तायगान असो नाहीतर राजाचा मेहुणा असो! पाहुणे यायचेत. केस, वास... मला तोंड द्यावं लागतं सगळ्यांना."

एजेने वाद घातला नाही. म्हणाली, बर्फ सरलं, आता तो बाहेर गवतावर राहील. नमदा गुंडाळून ठेवते. बर्फ पडलं की पुन्हा घालणार. हे ती परवानगी मागितल्यासारखं म्हणाली नाही. दूतबेक तोंडातल्या तोंडात काहीतरी बडबडत चिखलस्नानाच्या दाराकडे निघाले, आणि मी पाहिलं, ते त्या राखाडी पट्ट्यावरूनच चालत होते. त्या उन्हाळ्यात पाहुणेही तिथूनच चालले. कोणी काही म्हटलं नाही. एजेने बाकीच्या फरशीला मेण लावलं, पण त्या पट्ट्याला नाही.

अक्तोशला आणखी एक हिवाळा मिळाला. त्या वर्षी तो फार चालला नाही. सकाळी जायचा, संध्याकाळी टॉवेलच्या आधाराने परत यायचा. वसंतातल्या नौरूजच्या सणाच्या आसपास, काचेच्या खोलीत, ऊन अंगावर असताना त्याचे झोपेतले पाय हळूहळू थांबले. एजेने लगेच कोणाला हाक मारली नाही. ऊन सरेपर्यंत बसून राहिली. मुकाश आके घोड्यावरून त्याला वरच्या कुरणात घेऊन गेले. बर्फ अजून होतं, तरी एजे पायी मागून गेली.

मला वाटलं होतं आता ती नमदा कोणाला तरी देऊन टाकेल. तिने तो धुतला, वाळवला आणि खोलीत उभा करून ठेवला. मग बंदराजवळच्या वस्तीतली जुनी शाळामास्तरीण रायिसा एक दिवस फाटकाशी आली. तिच्या मुलाने शहरातून पैसे पाठवून घरात नवी गुळगुळीत जमीन बसवून दिली होती, आणि तिचा ठेंगणा म्हातारा कुत्रा तिश्का स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हता. "पाण्याच्या भांड्यापर्यंत येतो आणि रडतो," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल ऐकलं."

आम्ही दोघी गेलो. एजेने बूट काढले आणि दारातच पोटावर आडवी झाली. गाल जमिनीला लावला.

रायिसा घाबरली. "अहो, काय होतंय तुम्हाला? चहा आणू का?"

"काही होत नाही गं. इथून त्याला काय दिसतं ते बघतेय. खिडकीचा उजेड सरळ डोळ्यांत येतो इथे. पडदा ओढ बरं जरा." पडदा ओढला गेला. एजे तशीच पडून राहिली, इतका वेळ की मला वाटलं तिला झोप लागली. तिश्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला आणि जमिनीवर आडव्या झालेल्या त्या मोठ्या बाईकडे मान वाकडी करून बघू लागला.

"हं," एजे डोळे मिटूनच म्हणाली. "आता बारीक कात्री आण. आणि लोकर कोणाकडे मिळेल ते सांग."