बस्त्याचं कार्ड
“पगार तिचा दाखवा, पण मोबाईल नंबर आमचा लिहा,” होणाऱ्या सासूबाई काउंटरवरच्या मुलीला हळूच म्हणाल्या. कोऱ्या साड्यांचा वास आला की अजूनही गंगापूर रोडवरचं ते दुकान आठवतं. लग्नाचा बस्ता होता आणि दुकानाच्या क्रेडिट कार्डावर सवलत मिळते म्हणून माझ्या नावाने अर्ज भरणं चाललं होतं. “पण ओटीपी मॅडमनाच गेला पाहिजे,” ती मुलगी म्हणाली. “अगं, ती काय बोलणारे? गरीब गाय आहे आमची,” सासूबाई हसल्या. नवरा मुलगा शेजारीच फोनमध्ये डोकं घालून उभा होता. त्याने मान वर केली नाही. मी काउंटरवरून माझं पॅन कार्ड उचललं आणि म्हणाले, “कार्ड नको. बस्ताही नको.”