भावाच्या तोंडाचं माप

खाणीच्या स्टोअरमध्ये मी नोकरी केली ती सगळी खिडकीच्या आत बसून. बाहेरून फिटर ओरडायचा, मी आतून बेअरिंग, बोल्ट, बुश काढून द्यायचो. आयुष्यभर वस्तू दिल्या, एक वस्तू कधी बनवली नाही. रिटायर झाल्यावर गावी आलो आणि डोक्यात किडा वळवळला की आता बनवायचं. चंद्रपुरात एक जुनं वर्कशॉप बंद पडत होतं, तिथून एक म्हातारी लेथ मशीन उचलली. लेथ म्हणजे आपली खराद. लोखंड गोल गोल फिरतं आणि आपण त्याला पात्यानं सोलत जायचं, काकडी सोलावी तसं.

मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सावली या गावाजवळच्या आमच्या खेड्यात आली तेव्हा निम्मं गाव मागे. वहिनीनं तिला हळदकुंकू लावलं, मोठ्या भावानं तिच्या पाठीवरच नारळ फोडला आणि पाणी थेट गिअरमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी मिरच्यांचं टोपलं घेऊन दारात. तिला किती समजावलं की ही चक्की नाही. "मंग एवढी मोठी आनली कायले?" म्हणाली, आणि रागावून गेली.

मशीन गोठ्यात बसवली. बैल केव्हाच विकले होते, जागा रिकामीच होती. शिकवायला कोणी नाही. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावायचा, तो मनुष्य म्हणायचा "अब ध्यान से देखिए", आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. त्यामुळे ध्यानानं बघायची गोष्ट मी आजवर एकही बघितली नाही. पहिल्याच आठवड्यात लोखंड पकडून फिरवणारा चक घट्ट करायची चावी त्या चकातच विसरलो आणि बटण दाबलं. चावी सुटली ती छपराचं कवेलू फोडून आभाळात. अंगणात कोंबड्यांचा असा कल्ला झाला की वहिनी धावत आली. "भाऊजी, मशीन चालवून राह्यले का तोफ?"

तरी मी हटलो नाही. माझी पद्धत अशी होती: मनगटाएवढा तुकडा घ्यायचा, एक चूक करायची, ती दुरुस्त करायला आणखी सोलायचं, त्यात दुसरी चूक करायची. शेवटी हातात साबुदाणा उरायचा. भाऊ दारात उभा राहून तमाशा पाहायचा. तोंडात खर्रा असल्यामुळे बोलायचा नाही, पण हसायचा, आणि ते हसणं मला विंचवासारखं डसायचं. लहानपणापासून त्यानं मला कधी "चांगलं केलं" म्हटलं नाही. मी दहावी पास झालो तेव्हा तो "हो का?" म्हणाला, बस.

आता खर्ऱ्याचं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते समजत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर रगड रगड रगडायचं, की झाला खर्रा. आमच्याकडे पाव्हणा आला तर पाणी नंतर, खर्रा आधी. सोयरिकीला खर्रा, मातीला खर्रा, भांडण मिटवायला खर्रा. भाऊ तर धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत उतरायच्या आधी तोंड भरून घ्यायचा, नाहीतर म्हणे त्याचे पाय चिखलात चालायचे नाहीत.

एक दिवस वहिनीनं मला बाजूला घेतलं. रडत होती. "भाऊजी, हे भाताचा घास बोटानं चेपून चेपून आत ढकलून राह्यले. तोंडच नाई उघडत यांचं."

मी भावाला धरून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "आ करा." त्यानं आ केला. बाईंना वाटलं अजून करायचा आहे, म्हणून त्या थांबल्या. पण तेवढाच होता. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. याचं एकच बोट जात होतं, तेही घासून. बाईंनी टॉर्च मारून पाहिलं, वाकून पाहिलं, आरसा घालायचा प्रयत्न केला, जमेना. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "आत मागच्या बाजूला काहीतरी पांढरं दिसतंय. साधं असेल, नाहीतर कॅन्सर असेल. पण मला तिथपर्यंत पोचताच येत नाही. तुकडा काढून तपासायचा तर आधी तोंड उघडायला हवं."

आतमध्ये काय बसलंय ते पाहायला दारच नाही!

बाईंनी औषधं दिली, खर्रा बंद म्हणून सांगितलं आणि आईस्क्रीमच्या काड्यांचा एक गठ्ठा दिला. काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. भाऊ रस्ताभर बडबडत होता. "आईस्क्रीम नाई, नुसत्या काड्या! असा कसा दवाखाना बे?" खर्रा मात्र त्यानं त्या दिवसापासून सोडला. इतका भ्याला होता तो. पण काड्यांचा व्यायाम काही करेना. काड्या मोडायच्या, जिभेत कुसळ जायचं, मग त्यातल्या काही वहिनीच्या चुलीत गेल्या आणि उरलेल्यांना त्यानं वांग्याची रोपं बांधली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. अरे, माझ्याकडे लेथ आहे! एक लांबट भोवरा करायचा, टोकाला बारीक आणि मागे जाड होत गेलेला, अंगावर उथळ गोल आटे. टोक दातांत धरायचं आणि हळूहळू फिरवत आत न्यायचं. जितकं फिरेल तितकं तोंड उघडेल.

पहिला भोवरा लोखंडाचा केला. उतार देताना पात्याचा कोन चुकला आणि असं काहीतरी तयार झालं की भावानं दोन्ही हातांनी नमस्कार केला. "याले देवळावर लाव, कळस होते." दुसरा बरा जमला, तो घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला, वजन पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिला. "हे तोंडात घालणार? जबडा उघडेल, पण दात इथेच पडतील." मग त्यांनीच सांगितलं, की नायलॉनचा दांडा घ्या, टोक बोथट ठेवा, कडा गुळगुळीत करा, आणि जोर अजिबात लावायचा नाही, ओढ लागली की थांबायचं.

नायलॉन म्हणजे वेगळंच जनावर निघालं. लोखंडाची बबरी, म्हणजे सोललेली साल, तुटून पडते. नायलॉनची तुटतच नाही, शेवईसारखी लांबच लांब येते आणि फिरत्या दांड्याला, पात्याला, माझ्या बोटांना गुंडाळते. पातं जरा बोथट असलं की दांडा वितळायचा. घाई केली की वळवळायचा. मी मशीनला शिव्या घातल्या, मशीनच्या आधीच्या मालकाला घातल्या, नायलॉनचा शोध लावणाऱ्यालाही घातल्या. शेवटी पात्याला वस्तऱ्यासारखी धार लावली, हात हलका केला, आणि एका दुपारी पांढरा स्वच्छ उतार असा उतरत आला की मी गोठ्यात एकटाच "वा रे पठ्ठ्या!" म्हणून ओरडलो.

मागचं टोक चिमटीत धरता यावं म्हणून दोन बाजूंनी चपटं करायचं होतं. ते मिलिंगचं काम. वेगळी मिलिंग मशीन माझ्याकडे कुठली! कटर लेथच्या चकात धरला आणि भोवरा समोरच्या स्लाइडवर आवळला, म्हणजे सगळं उलटं, आता पातं फिरणार आणि माल सरकणार. पहिल्या वेळी हावरटपणा केला, एकदम मोठा घास घेतला. कटरनं भोवरा हिसकला आणि गव्हाणीत फेकून दिला. दुसऱ्या वेळी चिमूट चिमूट घेत गेलो आणि जमलं.

आता भाऊ तोंडात घालायला तयार होईना. "मी का लेकरू आहो, लाकडी बोंडी चोखाले?"

"लाकडी नाई, नायलॉनची आहे."

"तं मंग तूच चोख!"

वहिनीनं कंबर कसली. ती रोज सकाळी भोवरा कोमट पाण्यात धुऊन त्याच्या हातात द्यायची आणि तो फिरवेपर्यंत चहा द्यायची नाही. नंतर मी व्हर्नियरनं त्याच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजायचो. व्हर्नियर म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी मापाची पट्टी, माझा जीव की प्राण. वहिनीनं ती पहिल्याच दिवशी कडुनिंबाचा पाला घालून उकळून काढली. "तोंडात जाते ना? मंग?" पट्टीला त्या दिवसापासून जो गंज चढला तो उतरला नाही.

ही मोजणी भावानं गावच्या पानठेल्यावर सांगितली आणि सगळा राडा झाला. खर्रा सोडला होता तरी बसायला तो तिथेच जायचा. संध्याकाळी निरोप आला की पट्टी घेऊन ये. जाऊन पाहतो तर ठेलेवाल्यानं स्पर्धा लावलेली. ज्याचं तोंड सगळ्यात मोठं उघडेल त्याला एक खर्रा फुकट! मी कपाळाला हात लावला. पण रांग लागली होती. बाटलीभर डेटॉल आणून ठेवलं होतं. नाही म्हणायची सोयच नव्हती. म्हटलं, चला.

पहिल्या दोघातिघांपर्यंत लय मजा आली. शिट्ट्या काय, टाळ्या काय. मग मी आकडे सांगत गेलो आणि आवाज कमी कमी होत गेला. एकाची दोन बोटं. दुसऱ्याची दीड. एक तगडा गडी, पोतं एका हातानं उचलणारा, त्याच्या दातांत पट्टीची टोकं जेमतेम शिरली. स्वतः ठेलेवाला आला, तो माझ्या भावापेक्षाही खाली निघाला. सगळ्यात मोठं तोंड उघडलं ते पोस्टमनचं, आणि पोस्टमन खर्रा खातच नाही! त्यानं बक्षीस घ्यायला नकार दिला.

उरलेली रांग आपोआप मोडली. मला वाटलं, आता यांच्या डोक्यात उजेड पडला. तेवढ्यात ठेलेवाला म्हणाला, "तुयी पट्टीच खराब आहे. गंजली पाह्य ना ते."

"हाव ना बाप्पा, गंजलीच आहे!" सगळे एका सुरात म्हणाले. जीव भांड्यात पडला सगळ्यांचा. बक्षिसाचा खर्रा दुसऱ्या नंबरवाल्यानं तिथल्या तिथे तोंडात टाकला.

माझं डोकं फिरलं होतं. भैताड लोक, म्हणत मी घरी आलो. पण भावाला त्या दिवशी भलतंच काहीतरी चढलं होतं. ठेलेवाल्याच्या पुढे आपण आहोत, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. दुसऱ्या दिवसापासून वहिनीला सांगावं लागलं नाही. सकाळी भोवरा, दुपारी भोवरा, शेताच्या धुऱ्यावर बसून भोवरा. माझ्या मागे लागून जरा जाड, मग आणखी जाड करून घेतला. पोस्टमनला हरवायचं म्हणाला. मरणाच्या भीतीनं जे झालं नव्हतं ते पोस्टमननं केलं.

धान कापणीला आलं तेव्हा त्याच्या तोंडात दोन बोटं जाऊन वर जागा उरत होती. डॉक्टरबाईंनी भोवरा उलटसुलट पाहिला, मला "छान झालाय" म्हणाल्या आणि टॉर्च घेऊन आत वाकल्या. या खेपेला त्यांना सगळं दिसलं. त्यांनी तुकडा काढला. रिपोर्ट यायचे होते ते दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. मी मशीनवर जाऊन बसायचो आणि बटण न दाबता परत यायचो. भाऊ मला एकदा एवढंच म्हणाला, "काही झालं तं वावराकडं तू पाह्यजो." मला त्याच्याकडे बघवेना.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. डॉक्टरबाई पुढे बरंच काही बोलल्या: धोका टळलेला नाही, दर काही महिन्यांनी दाखवा, खर्ऱ्याला हात लावला तर पुन्हा सगळं आवळत जाईल, पुढच्या वेळी असं नशीब नसेल. मी मान डोलावत होतो. भावानं "नाही" हा एकच शब्द ऐकला होता.

परतताना वाटेत मूल गावच्या बस स्टँडवर तो म्हणाला, "थांब जरा, लघवीले जाऊन येतो." मी मोटारसायकलवर बसून वहिनीला फोन लावला. ती पलीकडे नुसती रडत होती, आनंदानं. फोन ठेवतो तर भाऊ समोर उभा, हातात उघडलेली पन्नी.

"पाह्य लहान्या," असं म्हणून त्यानं मान मागे टाकली, तोंड उघडलं, चांगलं मोठं उघडलं, आणि चिमूटभर खर्रा अलगद मागच्या दाढेपाशी नेऊन ठेवला. "पाह्यलं? कसा आरामात जाते! पहिले बोट नव्हतं जात. तुया हाताले मानलं बा. अशी चीज बनवली तू, शहरात कोनाले जमनार नाई."

मी भर स्टँडवर त्याला आईवरून शिवी घातली. आई तर दोघांची एकच. ते आधी त्याच्या ध्यानात आलं आणि तो खो खो हसत सुटला, अगदी मागच्या दाढा दिसेपर्यंत, आणि तिथे गालात तो ओला गोळा चिकटून बसलेला. मी तसाच गाडीच्या टाकीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागलो.

भावानं माझ्या पाठीवर हात ठेवला. घाबरून गेला होता बिचारा. "अबे, रिपोर्ट चांगला आला ना," तो म्हणाला, "आता काऊन रडून राह्यला?"