वरील गृहस्थांना मी जवळून ओळखतो

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती पुसत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी चहा घेऊन रमाकांतने पेपर उघडला आणि मान कलली... मी "बरं, येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली दोन पाती पुसून घेतली. मग कपडे बदलले. मुलुंडहून घाटकोपरला रिक्षाने जाताना डोक्यात काहीही नव्हतं. त्याला आता सहा आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. घरातले काळजीने बघतात, मी जेवतो, झोपतो, भाजी आणतो.

रमाकांत आणि मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर होतो. तो मूळचा देवगडकडचा, बोलायला तिखट आणि थट्टेखोर. रिटायर झाल्यावर त्याला एका वेबसाइटचा नाद लागला. सगळ्यांनी मिळून लिहायचा शब्दकोश होता तो, कुणीही नाव नोंदवावं आणि आपल्याला ठाऊक असलेला शब्द घालावा. आम्ही दोघांनी एकाच दुपारी त्याच्या घरी बसून नावं नोंदवली. मी दहा-बारा शब्द घातले आणि कंटाळलो. त्याने मात्र कारखान्यातली सगळी हत्यारं तिथे मांडली. नुसता अर्थ देऊन त्याचं भागायचं नाही. 'कानस' या शब्दाखाली त्याने लिहिलं होतं, "घासण्याचं हत्यार. नवी कानस एकदम लोखंडावर चालवू नये, आधी पितळेवर चालवावी." तिथली जाणती मंडळी कळवायची की हा शब्दकोश आहे, शिकवणी नव्हे. हा पुन्हा लिहायचा.

मग तो पासवर्ड विसरला. कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवला होता, महिना संपल्यावर वहिनींनी ते पान फडताळात डब्यांखाली घातलं आणि पुढे कधीतरी टाकून दिलं. ई-मेल त्याने दिलाच नव्हता. "सगळ्यांका पत्तो कित्याक देत फिरायचा?" हे त्याचं म्हणणं. त्यामुळे जुनं खातं परत मिळायची सोय नाही. मी खूप हसलो त्याला. म्हटलं, "एवढी साधी गोष्ट लक्षात राहत नाही तुझ्या? वाट लागली रे तुझी." त्याने गुपचूप दुसऱ्या नावाने खातं काढलं. तिथवर ठीक होतं, पण खोड जाते कुठे! स्वतःच्याच जुन्या नोंदींखाली चर्चेच्या पानावर नव्या नावाने लिहू लागला, "वरील गृहस्थांची माहिती अचूक आहे. मी त्यांना जवळून ओळखतो." एका ठिकाणी तर "गृहस्थ दिसायलाही बरे आहेत" असंही लिहिलं. मला फोन करून वाचून दाखवलं आणि खो खो हसला. पण तिथे दोन नावांनी स्वतःचीच तळी उचलणं म्हणजे लबाडी. दोन्ही खाती बंद झाली आणि त्याच्या नावाच्या पानावर लाल पाटी लागली, "फसवणुकीच्या संशयावरून रोखलेले खाते."

यातून सुटायला एक वाट होती. त्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या जुन्या सभासदाने साक्ष द्यायची. असा सभासद एकच, मी. आणि मी माझाच पासवर्ड विसरलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याला एवढं हसल्यावर हे सांगणार कोणत्या तोंडाने? दोनदा अंदाजाने काहीतरी टाकून पाहिलं, जमलं नाही, सोडून दिलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "झाला काय रे?" मी म्हणायचो, "करतो रे, या आठवड्यात नक्की." चार-पाच महिने असे गेले. शेवटच्या रविवारी त्याने विचारलंच नाही. गुडघ्यांबद्दल बोलला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेच आता सारखं आठवतं.

तेराव्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कुणा नातेवाइकाने कौतुकाने ती वेबसाइट उघडून सगळ्यांना दाखवली होती. वहिनींनी हलक्या आवाजात विचारलं, "भावोजी, ह्यांनी तिथे फसवलं हो कुणाला?" मी म्हटलं, "छे हो वहिनी, गंमत केली त्याने." त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलेलं दिसलं नाही.

घरी येऊन तसाच कॉम्प्युटरसमोर बसलो. आपण कधीकाळी कुठला ई-मेल दिला होता ते आठवलं, तो उघडला, 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केलं, पत्र आलं, नवीन पासवर्ड टाकला. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळाकडे पाहत बसलो... अकरा मिनिटं.

मग साक्ष लिहिली. "मी यांना एकतीस वर्षांहून जास्त ओळखतो. दोन्ही नावं यांचीच आहेत. यांना थट्टेची खोड आहे, लबाडी यांना जमत नाही. पासवर्ड विसरल्यामुळे हे झालं." तो वारला असं लिहिलं नाही. गेलेल्या माणसाचं खातं ते आहे तसंच कायमचं बंद करतात, असं तिथल्या नियमांत वाचलं होतं. मग पाटीही तशीच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर पाटी गेली होती. वहिनींना फोन करून सांगितलं. त्या "बरं झालं" म्हणाल्या. साक्षीखाली तिथल्या कुणा अनोळखी बाईंनी उत्तर लिहिलं होतं, "खुलासा पटला. त्यांच्या नोंदी आम्हाला हव्या आहेत, कानशीची सूचनाही राहू द्या. आमच्याकडून उशीर झाला, त्यांची क्षमा मागतो. त्यांना परत लिहायला सांगाल का?"

उशीर त्यांच्याकडून कुठे झाला होता... मग खाली टाइप केलं, "सांगतो."