मेजरच्या रक्तातली साखर

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझा गोंधळ उडतो. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, बांधावरून फुटलेली डोकी पाहिली. तिथे कोण चूक आणि कोण बरोबर, हे उशिरा का होईना कळायचं. या प्रकरणात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हेच मला शेवटपर्यंत नीट ठरवता आलं नाही. माणसं भली आहेत, म्हणून नावं सांगत नाही.

रहिमतपूरच्या बाजूला एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, ठाणे अंमलदार डायरी पुढे ओढून बसले होते आणि मी चहाची वाट बघत होतो. तेवढ्यात दोघे जण आत आले. पुढे ताठ चालणारा, मिशीला पीळ दिलेला एक निवृत्त फौजी. आमच्याकडे लष्करातून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, हुद्दा कोणताही असो, तसा हाही मेजर. मागे त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ. कवठे महांकाळकडचा, सध्या बहिणीकडे मुक्कामाला आलेला, एके काळचा पैलवान, दारातून तिरपा होऊनच आत येणारा. थोडा लंगडत होता, टाचेला फडकं बांधलेलं होतं.

"सायेब, माझं रगात बदललंय," मेजर म्हणाला.

मी त्यांना बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. मेजरला उशिरा झालेली एक मुलगी होती, नुकती शाळेत जायला लागलेली. तिच्यासाठी त्याने मोठा आयुर्विमा काढायचं ठरवलं. असा विमा देण्याआधी कंपनी माणसाची तब्येत तपासून घेते. लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि काही दिवसांनी कंपनीचा नकार आला. रक्तात साखर भलतीच वाढलेली, मूत्रपिंडांवरही परिणाम सुरू झालेला. मेजर तर रोज पहाटे टेकडी चढून येणारा गडी. शिवाय एकदा नकार आला की दुसरी कंपनीही विचारते, पूर्वी कुणी नाकारलं होतं का? तिथे खरं लिहावं लागतं. थोडक्यात, ते दार बंद झालं होतं.

"आमच्या माघारी त्या पोरीला कोन हाय, सायेब?" मेजरचा आवाज खाली आला.

पैलवान मात्र भडकला होता. "आवं, ह्या लॅबवाल्यांस्नी आत टाका! आमच्या घरात साखर नुसती चहात असती. मला जन्मात कवा ताप आला न्हाई!"

पैलवानाच्या तापाचा इथे काय संबंध, असं माझ्या मनात आलं होतं. पण मोठ्या आवाजात बोलणाऱ्या नातेवाइकांचं बोलणं ऐकून सोडून द्यायची आम्हा पोलिसांना सवय असते. मी तक्रार अर्ज घेतला.

दोनच दिवसांनी बाजारातल्या माझ्या एका खबऱ्याने वेगळीच बातमी आणली. मेजरचा विमा ज्या एजंटाने भरला, तो लोकांचं 'मेडिकल सुरळीत करून देतो' म्हणे. 'सुरळीत' हा त्याचा आवडता शब्द होता आणि तो ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात चक्रं फिरू लागली. कुण्या आजाऱ्याच्या नावावर मेजरचं चांगलं रक्त गेलं असणार आणि त्याचं वाईट रक्त मेजरच्या नावावर आलं असणार. टोळीच सापडली, या आनंदात मी एजंटाला बोलावून घेतलं.

एजंट सडपातळ, नीटनेटका, कपाळाला गंध लावलेला. बसायला सांगितलं तर खुर्चीच्या कडेवर टेकला.

"काय सुरळीत करता तुम्ही?" मी विचारलं.

"साहेब, मी लोकांना वळण लावतो. तपासणीच्या आधी नीट झोपा, तंबाखू सोडा, उपाशीपोटी या. जुनं ऑपरेशन असेल तर लपवू नका, कागद जोडा. लपवलं तर उद्या बायकापोरांना पैसे मिळायचे नाहीत. एवढंच सांगतो बघा."

सल्ला तर अगदी रास्त होता. मी उलटसुलट विचारलं, आवाज चढवला, बराच वेळ नुसता गप्पही बसून राहिलो. गप्प बसण्याने भलेभले बोलते होतात. हा गृहस्थ घाम पुसत राहिला, पण टोळीबद्दल चकार शब्द नाही. फक्त एका प्रश्नाला तो चाचरला. मेजरच्या घरी रक्त घेताना तुम्ही होता का, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "फोटो बघा की साहेब. मेजरांचा फोटो काढलाय लॅबवाल्यानं."

फोटो खरंच होता. मेजर ओळखपत्र धरून ताठ बसलेला. बाटल्यांची सीलं शाबूत, वेळा जुळलेल्या. त्या दिवशी त्या लॅबकडे या भागातून दुसरं कुणाचं रक्त गेलेलंच नव्हतं. मग बदललं कुणाशी? माझी टोळी जागच्या जागी विरघळली. घरी येऊन जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हालाच कळत नाही तर मला काय कळणार?" आणि भाकरी वाढून आत गेली.

एक साधा उपाय होता. मेजरचं रक्त सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासायचं. ते चांगलं निघालं तर लॅब खोटी. फिर्यादीला याहून सोपं काय हवं? पण निरोप धाडला की मेजर काहीतरी कारण काढायचा. आज उपास, उद्या पाहुणे, परवा पाण्याची पाळी. इकडे ज्याच्यावर माझा संशय, तो एजंट न बोलावता रोज ठाण्यात येऊन "काही लागलं का साहेब?" म्हणून विचारून जायचा. फिर्यादी तोंड चुकवतोय आणि संशयित हजेरी लावतोय, असं मी नोकरीत पहिल्यांदाच बघत होतो. सगळे काहीतरी दडवत होते हे दिसत होतं, पण त्यात फायदा कुणाचाच नव्हता. मला काही केल्या उलगडा होईना.

शेवटी मी स्वतः जीप घेऊन मेजरच्या दारात गेलो आणि दोघांना गाडीत घातलं. वाटेत पैलवान दोनदा लघवीला उतरला आणि माझ्या बाटलीतलं पाणी त्याने संपवून टाकलं. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

दवाखान्यात नर्सबाईंनी मेजरचं नाव पुकारलं आणि ट्रेमधून सुई काढली. मेजरचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. आणि त्याच क्षणी, कुणी काही न बोलता, शेजारचा पैलवान पुढे झाला, स्टुलावर बसला, बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. अगदी सहज, घरात कुणी जड घागर उचलताना दिसलं की आपण हात लावतो तसा.

मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. मेजर जमिनीकडे बघत होता. पैलवान बाही खाली ओढायला लागला.

"राहू दे," मी म्हणालो. "तशीच राहू दे. बाई, आधी यांचंच घ्या."

बोटाला टोचून नर्सबाईंनी लहान मशीनवर साखर बघितली. ती त्या मशीनच्या मापाच्या बाहेर होती. डॉक्टर आले, त्यांनी पैलवानाच्या टाचेचं फडकं सोडलं. आत हळद भरलेली मोठी जखम होती. पैलवान म्हणाला, "काटा लागलाय, भरंल की." डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हा माणूस आणखी थोडे दिवस असाच हिंडला असता तर आधी पाय गेला असता आणि मग जीव, असं ते म्हणाले.

म्हणजे लॅब खरी होती. रक्तही खरं होतं. फक्त ते ज्याचं होतं तो माणूस माझ्या टेबलावर हात आपटून लॅबवाल्यांना आत टाकायला सांगत होता.

मेजरने तिथेच बाकावर बसून जबाब दिला. सुईची त्याला लहानपणापासून भीती. त्या दिवशी फोटो निघाला, सुई दिसली आणि त्याला घेरी आली. मेहुणा म्हणाला, "दाजी, मी देतो. पैलवानाचं रगात, उलट चांगलंच निघंल." एजंट म्हणाला, एकाच घरातलं आहे, होऊ द्या सुरळीत. लॅबवाल्याला परतीची गाडी गाठायची होती. नकार आल्यावर दोघांचंही एकच म्हणणं पडलं, की आपल्या दोघांत साखर कुणालाच नाही, तेव्हा लॅबनेच घोळ केला. आणि खरं सांगायचं तर फौजी माणूस सुईला भ्याला हे गावभर झालं असतं.

"मेजर, फौजेत काय सुया टोचल्या नाहीत तुम्हाला?"

"तितं हुकूम असतो, सायेब. हुकूम झाला की हात आपसूक पुढं जातो. घरात हुकूम कोन देनार?"

मी उठून उभा राहिलो. "मेजर, सावधान! डावा हात पुढे!"

टाचा खाडकन जुळल्या आणि हात पुढे आला. डोळे गच्च मिटलेले. त्याचं रक्त नितळ निघालं.

मी घडलं तसं सगळं अहवालात लिहून वर पाठवलं. कंपनीने एजंटाचं काम काढून घेतलं. तो मात्र ठाण्यात येऊन मला पुन्हा पुन्हा विचारायचा, "साहेब, एकाच घरातलं होतं ना?" मेजरला कंपनीने खुलासा मागितला. सुईची भीतीसुद्धा त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिली आणि पुन्हा तपासणी होऊन विमा मिळाला. अर्ज निकाली निघाला, पण माझा गोंधळ काही निघाला नाही. आपल्या जागी दुसऱ्याचं रक्त देणं ही फसवणूकच, आणि ती पुढे उघडी पडली असती तर त्या मुलीच्या हाती काहीच आलं नसतं. विमा काढणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, की स्वतःचं सगळं खरं सांगा आणि स्वतःचाच हात पुढे करा. पण त्या दिवशी मेजरने स्वतःचा हात पुढे केला असता, तर विमा बिनबोभाट झाला असता आणि पैलवान हळद भरत भरत मेला असता. हे मी कोणत्या रकान्यात लिहावं, मला कळत नाही. एवढंच शिकलो की सगळे खोटं बोलत असताना फायदा कुणाचाच दिसत नसेल, तर गुन्हा शोधण्याआधी लाज शोधावी.

निवृत्त झाल्यावर एकदा सकाळी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून मेजरकडे डोकावलो. बहिणीने पैलवानाला परत जाऊच दिलं नव्हतं. दोन्ही पायांवर उभा होता. पाठ्यपुस्तक मांडीवर घेऊन मुलगी पायरीवर बसली होती. मला बघून पैलवान ओशाळला. "सायेब, रोज इंजेक्शन हाय. दुसऱ्यासाठी हात कितींदा बी देईन, पर सवताला टोचायचं म्हटलं की न्हाई जमत."

आतून मेजर इन्सुलिनची सुई घेऊन बाहेर आला.

"पैलवान, सावधान! पोट पुढं!"

पैलवानाने सदरा वर केला आणि तोंड फिरवलं. मेजरने सुई टोचली, आणि या वेळी त्याचे डोळे उघडे होते.