बहिणीच्या गादीत फसलो

मंडळी, मले पार्किन्सन हाय. कूस बदलणं हेच माझं दिवसातलं मोठं काम. तेल्हाऱ्याले दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनं घरच्या कापसाची गादी भरून पाठवली, मायेनं दुप्पट कापूस घालून.

आज दुपारी त्या गादीवर आडवा झालो अन् रुतलोच. कूस वळेना, हाक मारली तर आवाज निघेना. बायको बाजारातून येईपर्यंत तासभर पंखा पाहून राहिलो होतो.

तिनं मले जुन्या कडक गादीवर घेतलं, कमरेखाली आपली रेशमी साडी अंथरली. सरकन वळलो!

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, गादी नरम हाय ना?"

"लय नरम. उठावंसंच वाटलं नाही."

ती खूश. आता तशीच जाड रजई भरून राहिली. तुमी असते तर खरं सांगितलं असतं?