एकविसाव्या पानावरची चांदणी

छपाईच्या शाईचा वास आला की पुसदचं ते वाचनालय आठवतं. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून बाबा एकविसाव्या पानावर निळ्या पेनानं बारीक चांदणी काढत. ते गेल्यावर मी त्यांचं शेवटचं पुस्तक परत करायला गेले, तर टेबलावर उडणाऱ्या महानायकाचं कॉमिक पडलेलं. सहज चाळलं, तर आत त्यांची चांदणी! कॉमिक्स वाचते म्हणून मला रागावणारे बाबा! मग मी चांदणी शोधत एकेक अंक नेत गेले आणि त्या गोष्टीतच पुरती अडकले. महिन्याभरानं नवा अंक आला. "आत्ताच गठ्ठा सोडला ताई, तुमीच पयल्या," ग्रंथपाल म्हणाले. एकविसावं पान उघडलं. चांदणी होती, आणि माझ्या अंगठ्याला निळी शाई लागली. त्यानंतरचा अंक कपाटात आहे. मी तो अजून उघडलेला नाही.